चाळीस घोड्यांची काळजी

दिबोर सांबला समुद्राची भीती कधीच वाटली नाही. तिला भीती वाटायची इंजिनाची. समुद्र निदान लपवाछपवी करत नाही, रागावला की रागावलेला दिसतो, असं ती म्हणे. इंजिन मात्र किनाऱ्यावर गोड बोलतं आणि जमीन दिसेनाशी झाली की तोंड फिरवतं. बार्नी या मासेमारांच्या गावात, किनाऱ्यावर, तिची ही वाक्यं सगळ्यांना पाठ होती. मासे भाजणाऱ्या बायका धुरात डोळे पुसत एकमेकींना म्हणत, "याय दिबोर आली गं, आता इंजिनाचा विषय निघणार." याय म्हणजे आई. तिला पोटचा मुलगा एकच, पण आईपण इतकं मुबलक होतं की सगळ्या किनाऱ्याला पुरून उरत असे.

भीतीला कारण होतं. मुलगा, इसाखा, रांगत होता तेव्हा तिच्या नवऱ्याचं, बिरामचं, इंजिन धुक्यात बंद पडलं आणि होडी वाऱ्याबरोबर दक्षिणेला वाहत गेली. त्या दिवसांत आपण काय खाल्लं, कुठे झोपलो, हे दिबोरला पुढे कधी आठवलं नाही. बिरामला मात्र सगळं आठवत होतं. एका परदेशी जहाजाने उचलून त्याला परत आणलं आणि उरलेलं आयुष्य त्याने ती गोष्ट सांगण्यात घालवलं. चहाच्या पहिल्या पेल्याला शार्क होडीएवढा असे, तिसऱ्या पेल्यापर्यंत तो मशिदीएवढा होई. ऐकणारे मांडीवर थापा मारून हसत. दिबोर हसत नसे. शेवटी बिराम गेला तो एका दुपारी, मासे-भात पोटभर जेवून, चटईवर, झोपेत. लोक म्हणाले, भाग्यवान माणूस. दिबोरला वाटलं, हा सुटला, मला मात्र त्या धुक्यातच बसवून गेला.

इसाखाने होडीवर जाऊ नये म्हणून तिने त्याला रुफिस्कला मामाच्या दुकानात शिवणकाम शिकायला धाडलं होतं. तो काही महिने राहिला आणि परत आला तो माशांसाठी एक भक्कम पिशवी शिवून. मग तिने हट्ट सोडला आणि दुसरा धरला: जायचंच असेल तर नव्या इंजिनावर जा. बायकांच्या भिशीतला आपला नंबर आल्यावर तिने सोन्याच्या बांगड्यांकडे पाठ फिरवली आणि चाळीस घोड्यांच्या ताकदीचं कोरं इंजिन घेतलं.

बार्नीला संध्याकाळी सगळी इंजिनं खांद्यावरून घरी येतात. होडीवर ठेवली तर सकाळपर्यंत कुठलं कुणाचं राहील सांगता येत नाही. इतरांची अंगणात भिंतीला टेकून उभी राहत. दिबोरचं तिच्या खोलीत, खाटेशेजारी, फुलाफुलांच्या चादरीखाली.

"आई, त्याला पांघरूण घातलंत," सून यांदे एकदा म्हणाली, "तुमच्या मुलाला काल थंडी वाजत होती."

"तुझ्या नवऱ्याला तू आहेस. ह्याला कोण आहे?"

"म्हणजे सवत आणलीत माझ्यावर."

"सवत असती तर भांडी तरी घासली असती," दिबोर म्हणाली.

नवं इंजिन आलं की ते धुवायचं, ही रीत. होडीच्या नाकावर दही ओतायचं, आत ताईत बांधायचे, आणि सेरीन गालायकडून साफारा आणायचा. सेरीन गालाय म्हणजे वस्तीचे जुने गुरुजी. ते लाकडी पाटीवर काजळीच्या शाईने आयती लिहीत, मग पाटी धूत, आणि ते पाणी बाटलीत भरून देत. तेच साफारा. "होडी धू, इंजिन धू, आणि पोरगा निघण्याआधी त्याच्या अंगावर ओत," त्यांनी सांगितलं.

दिबोरने सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. पण इंजिन पुसता पुसता तिचा हात थांबला. बिरामचं इंजिनही असंच धुतलं होतं. बाहेरून आरशासारखं चकचकीत होतं ते. बंद पडलं होतं आतून.

म्हणजे साफारा हवा तो आत. इतकी साधी गोष्ट आजवर कुणाच्या डोक्यात कशी आली नाही, याचं तिला नवल वाटलं. पेट्रोलचा कॅन आदल्या संध्याकाळी भरून तिच्या अंगणात ठेवलेला असे. रात्रीची नमाज झाल्यावर तिने आजूबाजूला पाहिलं, कॅनचं झाकण उघडलं आणि बाटलीच्या बुचातून एक बूचभर साफारा आत ओतला. कुणाला सांगितलं नाही. पुण्य बोलून दाखवलं की कमी होतं.

दुसऱ्या दिवशी होडी काठोकाठ भरून आली. यातून जो निष्कर्ष निघायचा तो दिबोरने काढला.

त्यानंतर कॅन भरला की एक बूच, असा नेम झाला. पाणी पेट्रोलपेक्षा जड. ते गुपचूप तळाशी जाऊन बसे. होडीवरचे कॅन शेवटच्या थेंबापर्यंत कुणी रिकामे करत नाही, तळाशी थोडं राहतंच, त्यामुळे बुचाला बूच जमत गेलं. पेट्रोल ओढणाऱ्या नळीचं तोंड तळापासून थोडं वर लोंबत असे आणि समुद्र शांत होता, तोवर सगळं नीट चाललं. दिबोरला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी तिने ते स्वतःच्या बाबतीत धरलं नसतं, कारण तिच्या लेखी ती पाणी घालतच नव्हती.

मग मोसम पालटला, लाटा उंच झाल्या, कॅनच्या पोटातलं ढवळून वर आलं आणि इंजिन खोकलं.

इसाखाला दुसऱ्या एका होडीने दोरी बांधून ओढत आणलं. दोरीवर येणं म्हणजे भर बाजारात कुणीतरी कान धरून घरी नेण्यासारखं. त्यात त्याचा बेत मोठा होता. या मोसमात बर्फाची पेटी भरून, स्वतःच्या होडीने, दक्षिणेकडच्या पाण्यात जायचं. मोठा मासा तिकडे असतो, आणि गेलेला माणूस काही आठवडे घरी दिसत नाही. दिबोरने होकार दिला होता तो एकाच अटीवर: इंजिन एकदाही दगा देणार नाही. अट घालताना तिला वाटलं होतं, अशी अट कोणतं इंजिन पाळणार? पण नवं इंजिन अगदी शहाण्यासारखं वागत राहिलं, तेव्हा तिला अटीचा पश्चात्तापही झाला होता. आता ते खोकलं तेव्हा तिच्या काळजात धस्स झालं आणि त्याच काळजाच्या एका कोपऱ्यात काहीतरी सैलही झालं. त्या कोपऱ्याकडे तिने पाहिलं नाही.

इंजिन मेदूनकडे गेलं. कडुनिंबाखाली पाण्याचं पिंप, बाजूला नळ्यांचा गुंता आणि मध्ये मेदून, हे बार्नीचं इंजिनांचं इस्पितळ. मेदून बडबड्या होता. हाताबरोबर तोंड चाललं नाही तर त्याचा स्क्रू सुटत नसे.

"याय, इंजिन म्हणजे तान्हं बाळ. रडलं की आधी एकच बघायचं, दूध पोचतंय की नाही. इसाखा, बंद पडताना कसं वागलं?"

"खोकलं. गोळा दाबला तर पुन्हा चाललं. पुन्हा खोकलं." गोळा म्हणजे पेट्रोलच्या नळीच्या मध्ये बसवलेला रबरी पंप, मुठीत मावणारा.

"गोळा दाबून टणक होत होता की मऊच?"

"टणक."

"मग नळी हवा ओढत नाही. हवा ओढली असती तर बाळाने नुसतीच बाटली चोखली असती." मेदूनने कॅनच्या झाकणावरचं हवेचं भोक फुंकून पाहिलं. मोकळं. गाळणी काढली, धुतली. पंपाचा पातळ पडदा उजेडाकडे धरून पाहिला. कार्बुरेटर उघडून, बारीक भोकांत तार घालून, फुंकर मारून पुन्हा बसवला. मग इंजिन पिंपात बुडवून आपल्या दुकानातल्या छोट्या डब्यातलं पेट्रोल लावलं आणि दोरी ओढली. पहिल्या झटक्याला सुरू.

"बघ, गातंय!"

"किनाऱ्यावर सगळीच गातात," दिबोर म्हणाली.

घरी आल्यावर तिने विचार केला. मेदूनने आतलं सगळं उघडून, फुंकून टाकलं, म्हणजे साफाऱ्याचा असरही गेला असणार. तिने त्या दिवशी बुचाऐवजी पेला घेतला.

इंजिन पुन्हा दोरीवर आलं. मेदूनने नळी बदलली, जोडावरची रबरी कडी बदलली, आणि स्वतःच्या डब्यातलं पेट्रोल लावून पिंपात पुन्हा गाऊन दाखवलं. दिबोरने पेल्याचे दोन पेले केले. सेरीन गालायकडे तिच्या फेऱ्या इतक्या वाढल्या की ते एकदा पाटी धुता धुता म्हणाले, "दिबोर, तुझा मुलगा आंघोळ करतो की पोहतो?"

"संकट मोठं आहे, सेरीन."

"संकटाला एवढं पाणी लागत नाही गं," असं पुटपुटत त्यांनी बाटली भरून दिली.

इंजिन जितकं बिघडे तितकं ती ओतत होती, आणि ती जितकं ओते तितकं ते बिघडत होतं. यात कुणाची चूक म्हणावी? काळजी करणाऱ्या माणसाचा हिशेब आतून नेहमी बरोबरच जुळतो.

तिसऱ्या खेपेला मेदून वैतागला. 'गातंय!' ही आपली लाडकी आरोळी न ठोकताच त्याने इसाखाला सांगितलं, "आता इथे येईपर्यंत कशाला हात लावू नकोस. जसं मेलं तसं आण. आणि तुमचा कॅन घेऊन ये. गाढवासारखा मी दर वेळी माझं पेट्रोल पाजतोय त्याला." पुढच्या वेळी इंजिन तसंच आलं, सोबत कॅन आणि दिबोरही. मेदूनने कार्बुरेटरच्या तळाचा बारका स्क्रू सैल केला आणि खाली काचेची वाटी धरली. थेंब पडले. पेट्रोलाखाली गोल गोल मणी लोळत होते, एकमेकांत मिसळणारे, पेट्रोलात न मिसळणारे.

"पाणी," मेदून म्हणाला.

"पाणी?" दिबोर उसळली. तिचा संताप शंभर नंबरी होता, त्यात खोट काढायला जागा नव्हती. "माझ्या पेट्रोलात पाणी? कुणाची हिंमत झाली? माझ्या पोराला मारायला निघालेत!"

कुणाची, हे तिला लगेच सुचलं. किनाऱ्यावर होडीवाल्यांना ऑइल मिसळलेलं पेट्रोल देणारा पंप होता. त्यावर मासांबा बसायचा. पोट सुटलेला, हसरा, सदैव खजूर चघळणारा. जो माणूस हसतो आणि पेट्रोल विकतो त्याच्यावर दिबोरचा मुळातच विश्वास नव्हता. पदर खोचावा तशी अंगावरची लांब ओढणी कमरेला गुंडाळून ती मासे भाजणाऱ्या बायकांत गेली, आणि थोड्या वेळाने पंपासमोर धुराच्या वासाच्या बायकांचं कोंडाळं उभं राहिलं.

"मासांबा, पाणी विकतोस?"

"तहान लागलीय का, याय? आत माठ आहे."

"दात काढू नकोस! माझ्या कॅनात पाणी निघालंय. मेदूनला विचार."

मासांबाचं हसू उतरलं. "माझ्या आईची शपथ, इथून थेंब पाण्याचा जात नाही."

"आईला मध्ये आणू नकोस, तिने काय पाप केलंय? बाटल्या आणा!"

दोन काचेच्या बाटल्या आल्या. एक सगळ्यांच्या देखत पंपाच्या नळीतून भरली. दुसरी दिबोरच्या कॅनच्या तळातून मेदूनने नळीने ओढून भरली. दोन्ही उलट्या टाकलेल्या होडीच्या पाठीवर उन्हात ठेवल्या. सगळे थांबले. कुणी तरी म्हणालं, बाटली हलवू नका, निवळू द्या.

पंपाची बाटली वरपासून खालपर्यंत एकसारखी निळसर. दिबोरच्या बाटलीत वर निळसर, आणि खाली, चांगलं बोटभर, तपकिरी पाणी. त्यात बारीक काळे कण तरंगत होते, खाली बसत होते.

तो तपकिरी रंग दिबोरने ओळखला. रोज बाटली उजेडात धरून ती तो रंग बघत होती. काजळीचे कण मोजता आले असते इतके ओळखीचे. तिने वर पाहिलं तर मेदून तिच्याकडेच बघत होता. बडबड्या मेदून, आणि तोंड बंद. तोही लहानपणापासून पोटदुखीला, परीक्षेला, लग्नाला साफारा प्यालेला होता. रंग त्यालाही सांगायची गरज नव्हती. दिबोर नजर वळवेपर्यंत त्याने स्वतःच नजर वळवली. वयाने आईसारख्या बाईला चारचौघांत असलं काही कसं बोलायचं?

दिबोर आता संपली असती. पण बाकीच्या बायकांनी तिला वाचवलं.

"बघा, गंज!" एक ओरडली. "याच्या टाकीचा गंज उतरलाय!"

"अगं, पण माझी बाटली स्वच्छ आहे," मासांबा कळवळून म्हणाला.

"आज स्वच्छ आहे. आम्ही बघतोय ना. बघत नसतो तेव्हा खालचं देतोस."

"टाकी एकच आहे! वरचं-खालचं कसं देणार?"

"ते तुलाच माहीत. आम्ही कुठे पंप चालवतो?"

मासांबा आपल्या स्वच्छ बाटलीकडे बोट दाखवत राहिला. निरपराध माणसाकडे सहसा तेवढंच असतं. उद्या सकाळी मासेमारी कचेरीत सगळ्यांनी जायचं आणि मासांबाला पंपावरून काढायला लावायचं, असं ठरलं. दिबोर हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

ती तिथून तडक सेरीन गालायकडे गेली. ते आपल्या जुन्या मोटरसायकलचा आरसा पुसत बसले होते.

"सेरीन, एक विचारू? साफारा म्हणजे... पाणी असतं का?"

"मग काय दूध असतं? विहिरीचं असतं. नळाला आलं तर नळाचं."

"पण आयती लिहिल्यावर ते पाणी राहतं का?"

"आयती पाण्याला पावन करतात, पेट्रोल नाही करत," ते म्हणाले आणि मग फडकं खाली ठेवून तिच्याकडे नीट बघायला लागले. "दिबोर. काय केलंस?"

तिने सांगितलं. बूच, पेला, दोन पेले. सेरीन गालायनी डोळे मिटले. ते प्रार्थना करताहेत असं तिला वाटलं. खरं तर ते हसू गिळत होते आणि ते गिळता येईना म्हणून रागावले.

"मी धुवायला दिलं होतं, तू पाजलंस! अगं, हे बघ, माझी गाडी. पन्नास वर्षं मी साफारा करतोय. माझ्या टाकीत मी कधी घातला? घातला असता तर आजवर चालतच फिरलो असतो."

"मला वाटलं, आतून राखलं तर..."

"मुलाला वाचव म्हणून अल्लाकडे माग. इंजिनाच्या घशात ओतू नकोस. जा."

ती घरी आली. अंगणात इसाखा जाळ्याची फाटलेली वीण सांधत बसला होता. यांदेने भात-माशांचं मोठं भांडं मध्ये ठेवलं, तिघं भोवती बसली. इसाखाने माशाचा चांगला तुकडा काढून तिच्या बाजूला सरकवला. इंजिन आजारी होतं आणि मुलगा घरात होता, तिच्या हाताच्या अंतरावर, भाताची शितं ओठाला लागलेला. हे दोन्ही एकाच गोष्टीचे भाग आहेत हे दिबोरला त्या जेवणात पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. मागे काळजाचा जो कोपरा तिने पाहायचा टाळला होता, तो आता समोरच येऊन बसला.

कॅन अंगणात होता. बाटली अर्धी भरलेली होती. काही करायचं नव्हतं, फक्त गप्प राहायचं होतं आणि अधूनमधून एक पेला. इंजिन खोकत राहील, दोरीवर येत राहील, लोक हसतील, आणि इसाखा रोज जेवायला घरी असेल. मासांबाचं वाईट होईल, पण मासांबाला आई आहे, ती त्याच्यासाठी प्रार्थना करेल. प्रत्येकीने आपापल्या मुलाचं बघावं. इथवर दिबोरचा विचार अगदी बिनचूक चालला.

"आई," इसाखा हात धूत म्हणाला, "मी एक ठरवलंय."

"काय?"

"हे इंजिन काही दक्षिणेला जायचं नाही. मेदूनही आज गप्प बसला, म्हणजे त्यानेही हात टेकले. जोआलच्या बंदरातून दक्षिणेला एक होडी निघतेय, त्यांना एक माणूस कमी आहे. मी जातो."

"त्यांचं इंजिन कसंय?"

"आहे आपलं. जुनं. झाकण तारेने बांधलंय, पण चालतं म्हणतात."

दिबोरच्या हातातला माशाचा तुकडा भांड्यात पडला.

"म्हणतात?" ती म्हणाली. "कोण म्हणतं?"

"त्यांचा तांडेल."

"त्याचंच इंजिन, त्यानेच म्हणायचं?"

"आई, तुझ्या इंजिनाने तर तेही म्हटलं नाही," इसाखा म्हणाला. तो चिडून बोलला नाही, हेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका कचेरीत निघायला पंपापाशी जमल्या, तेव्हा दिबोर आधीच तिथे उभी होती. तिच्या मनात मासांबाविषयी दया दाटून आली होती असं नंतर लोकांनी सांगितलं. खरं सांगायचं तर तिच्या डोळ्यांसमोर तारेने बांधलेलं झाकण होतं.

"कुठे जायचं नाही," ती म्हणाली. "मासांबाने काही केलेलं नाही. माझ्याच कॅनात मी साफारा घालत होते. इंजिनाला लाभावा म्हणून. पण साफारा फार जबरदस्त होता, इंजिनाला पेलला नाही."

मासांबाच्या तोंडातलं खजुराचं बी बाहेर आलं.

"म्हणजे पाणी, याय," तो म्हणाला.

"साफारा."

"पाणी."

"साफारा! सेरीन गालायच्या हातचा."

"याय दिबोर, काल मला तुम्ही चोर ठरवलंत. मला एवढा एक शब्द द्या."

दिबोरने वाळूकडे पाहिलं. "पाणीसुद्धा होतं त्यात," ती म्हणाली.

आता हशा पिकणार म्हणून तिने अंग चोरलं. पण हशा आला नाही. कोंडाळ्याच्या मागून एकीने, नवऱ्याच्या इंजिनाला कायम शिव्या घालणारीने, हळूच विचारलं, "तू किती घालायचीस?"

"का?"

"काही नाही. मी आपलं अर्धं बूच घालते."

"मी तर फक्त शुक्रवारी," दुसरी म्हणाली.

मेदून तिथेच होता. कालपासून कोंडलेलं त्याचं तोंड धरण फुटावं तसं फुटलं. "अल्ला! म्हणजे मी वर्षभर नळ्या बदलतोय, गोळे बदलतोय, पोरांना म्हणतोय समुद्राची हवा दमट असते! आणि माझं निम्मं दुकान तुमच्या भक्तीवर चाललंय!"

मग हशा पिकला, इतका की भाजायला टाकलेले मासे एका बाजूने करपले. मासांबाही हसला, पोट धरून, पण दिबोरच्या दृष्टीने जरा जास्त वेळ.

मेदूनने कॅन उलटा करून वाळवला, पेट्रोल जाड नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, गाळणीतून ओतायला शिकवलं, पाणी त्यातून जात नाही हे दिबोरला दोनदा करून दाखवलं. तिने तिसऱ्यांदा करायला लावलं. या वेळी त्याने इंजिन पिंपात न लावता होडीवरच लावलं आणि इसाखाने लाटांवर उलटसुलट फिरवलं. खोकला नाही, अडखळणं नाही. अट पुरी झाली होती. घालणारीला ती मोडायला आता कारण उरलं नव्हतं.

निघायच्या सकाळी होडीत बर्फ भरला गेला. इसाखा गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा राहून वाकला, आणि दिबोरने त्याच्या डोक्यावर साफारा ओतला.

"अंगावरच हां, आई," तो डोळे पुसत म्हणाला. "कॅनकडे बघू नकोस."

"बघत नाहीये. कानामागे ओतते, वाक नीट. आणि गोळा मऊ लागला तर?"

"नळी हवा ओढतेय."

"टणक लागला तर?"

"गाळणी, नाहीतर पाणी. आई, सोड आता."

तिने सोडलं. त्याने दोरी ओढली. पहिल्या झटक्याला इंजिन सुरू झालं. होडीने फुटणाऱ्या लाटा ओलांडल्या, नाक दक्षिणेकडे वळवलं. दिबोर ओल्या वाळूत उभी राहून ऐकत होती. पूर्वी इथेच, याच अंतरावर, पहिला ठसका लागायचा. आवाज बारीक होत गेला, पण तुटला नाही.

"छान चाललंय, आई," यांदे शेजारी येऊन म्हणाली.

"हो," दिबोर म्हणाली.

इंजिन जरा खोकलं असतं तर तो दुपारी जेवायला घरी असता. ती बराच वेळ वाट पाहत राहिली. ते खोकलं नाही.